वाचक विचारतात: कोलंबोचा आकडा, न्हावा शेवाचा आकडा

समुद्री मालवाहतुकीबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच आकड्याभोवती फिरत होती. हा आकडा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या 'अंक्टाड' या संस्थेचा 'लाइनर शिपिंग कनेक्टिव्हिटी इंडेक्स'. ठरलेल्या वेळापत्रकाने धावणाऱ्या कंटेनर जहाजांच्या जाळ्याशी एखादा देश किती घट्ट जोडलेला आहे, ते तो सांगतो. पुढे सोयीसाठी त्याला नुसतं 'निर्देशांक' म्हटलं आहे.

प्रश्न (पुणे, एम. ए. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी): प्रकल्पासाठी मी भारत आणि श्रीलंका यांच्या निर्देशांकाची तुलना करते आहे. एका तक्त्यात चीनचा आकडा १०० आहे, दुसऱ्यात तो हजाराच्या पुढे गेलेला दिसतो. खरा कोणता धरायचा? आणि या आकड्यात नेमकं मोजतात काय?

उत्तर: दोन्ही खरे आहेत, फक्त मोजपट्टी वेगळी आहे. तुलनेतली सर्वांत मोठी चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या निर्देशांकाच्या तीन मालिका फिरताना दिसतात. पहिली २००४ पासूनची आणि वार्षिक. तिच्यात २००४ मधला जगातला सर्वांत मोठा आकडा, म्हणजे चीनचा, १०० धरला होता. जागतिक बँकेच्या विकास निर्देशकांच्या जुन्या तक्त्यांत अजून हीच मालिका सापडते. २०१९ मध्ये अंक्टाडने पद्धत बदलली, २००६ च्या पहिल्या तिमाहीतला चीनचा आकडा १०० धरला आणि मालिका तिमाही केली. त्यानंतर पुन्हा पाया बदलला. आता २०२३ च्या पहिल्या तिमाहीतली सर्व देशांची सरासरी १०० धरतात. सरासरीच १०० धरल्यावर चीन हजाराच्या पलीकडे जाणार हे उघड आहे. त्यामुळे २०१० चा आकडा पहिल्या मालिकेतून आणि २०२४ चा तिसऱ्या मालिकेतून उचलून 'भारताची इतकी पट प्रगती' असं लिहिलंत, तर ते फुटांतली उंची सेंटिमीटरमधल्या उंचीला लावून मूल किती वाढलं ते सांगण्यासारखं होईल. एकच मालिका घ्या, तीही अंक्टाडच्या सांख्यिकी संकेतस्थळावरून थेट उतरवून, आणि कोणत्या तारखेला उतरवली ते तळटीपेत लिहा. मागचे आकडे अधूनमधून सुधारले जातात.

आता आत काय असतं ते पाहू. २०१९ च्या पद्धतीत सहा घटक आहेत: देशातल्या बंदरांत आठवड्याला ठरलेल्या जहाजफेऱ्या, त्या जहाजांची मिळून वार्षिक कंटेनर-क्षमता, नियमित सेवांची संख्या, त्या चालवणाऱ्या कंपन्यांची संख्या, ज्या सेवेतली जहाजं सरासरीने सर्वांत मोठी आहेत तिच्यातल्या जहाजांचा सरासरी आकार, आणि मध्ये कंटेनर न उतरवता थेट पोचता येतील अशा देशांची संख्या. प्रत्येक घटकाला आधार-तिमाहीतल्या जगातल्या सर्वांत मोठ्या आकड्याने भागायचं, सहांची सरासरी काढायची, मग शंभराच्या पट्टीवर बसवायची. सगळ्या घटकांचं वजन सारखंच.

या सारख्या वजनातच खरी गोम आहे. दोन काल्पनिक देश घ्या. 'क' देशाचे सहा घटक वरच्याच क्रमाने ०.२०, ०.१५, ०.२०, ०.४०, ०.८० आणि ०.५० आहेत. बेरीज २.२५, सरासरी ०.३७५. 'ख' देशाचे ०.१५, ०.२०, ०.१५, ०.३५, ०.९५ आणि ०.४५. बेरीज पुन्हा २.२५, सरासरी तीच ०.३७५. निर्देशांक एक, पण देश दोन तऱ्हेचे. 'क' मध्ये फेऱ्या जास्त, कंपन्या जास्त, थेट देश जास्त, जहाजं मध्यम. 'ख' मध्ये सेवा मोजक्याच, पण जहाजं अजस्र. छोट्या निर्यातदाराला 'क' सोयीचा. जहाजातून जहाजात माल बदलणाऱ्या मोठ्या बंदराचं चित्र 'ख' सारखं दिसतं. म्हणून प्रकल्पात एकच रेघ काढून थांबू नका. उपलब्ध असतील तेवढ्या घटकांचे आलेख वेगवेगळे काढा.

जुन्या मालिकेत एक विचित्र गोष्ट होती, तीही नोंदवा. तिच्यात फेऱ्यांऐवजी जहाजांची संख्या मोजत. समजा एका साप्ताहिक सेवेची पूर्ण फेरी ७० दिवसांत होते. दर आठवड्याला जहाज सोडायचं तर १० जहाजं लागतात. काही कारणाने मार्ग लांबून फेरी ८४ दिवसांची झाली, तर लागतील १२. बंदरावर येणारी जहाजं आठवड्याला एकच, माल तेवढाच, वर उशीर. तरी जहाजांची मोजणी वाढली. आठवड्याच्या फेऱ्या मोजल्यावर हा घोळ मिटतो.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी दिसणाऱ्या आणखी दोन चुका. पहिली, निर्देशांकाला लोकसंख्येने भागणं. हा निर्देशांक टन किंवा रुपये मोजत नाही, त्यामुळे 'दरडोई निर्देशांक' या शब्दाला काहीच अर्थ नाही. दुसरी, निर्देशांकाच्या शेजारी बंदरांची कंटेनर-हाताळणी ठेवून थेट तुलना करणं. कोलंबोने २०२४ या कॅलेंडर वर्षात सुमारे ७८ लाख टीईयू हाताळले. जवाहरलाल नेहरू बंदराने, म्हणजे आपल्या न्हावा शेवाने, २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ७३ लाख. (टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनर एक, चाळीस फुटी धरला की दोन.) आधी वर्षंच वेगळी आहेत. शिवाय कोलंबोतला सुमारे ८० टक्के माल ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढणारा आहे, आणि असा प्रत्येक कंटेनर धक्क्यावर दोनदा मोजला जातो, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. म्हणजे कोलंबोत १०० टीईयूची हाताळणी झाली तर प्रत्यक्षात तिथून गेलेला माल साधारण ६० टीईयूचा: ट्रान्सशिपमेंटचे ४० आणि श्रीलंकेचे स्वतःचे २०. न्हावा शेवाचा बहुतांश माल मात्र देशातून निघणारा किंवा देशात येणारा, म्हणून तो एकदाच मोजला जातो.

प्रश्न (सातारा, निवृत्त शिक्षक): सव्वादोन कोटी वस्तीचा श्रीलंका आणि एकशे चाळीस कोटींचा भारत या यादीत इतकी वर्षं जवळजवळ कसे? आपली बंदरं इतकी मागे आहेत का?

उत्तर: जुन्या मालिकेत २००४ साली दोन्ही देश चौतिसाच्या घरात होते, हे खरं आहे. पण त्यावरून आपल्या बंदरांना नापास करू नका. याचं पहिलं कारण नकाशावर आहे.

सुएझ आणि मलाक्काची सामुद्रधुनी यांच्यामध्ये जाणारी जहाजं श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्राच्या भूशिराला, जवळजवळ घासून जातात. कोलंबोत शिरायचं म्हणजे त्यांना किंचित वळायचं असतं. आता एडनकडून येणारं जहाज मुंबईला आणायचं असेल तर पाहा. एडन ते कोलंबो सरळ गेलं तर साधारण २,१०० सागरी मैल. एडन-मुंबई साडेसोळाशेच्या आसपास आणि मुंबई-कोलंबो सुमारे ९००, म्हणजे मुंबईमार्गे साडेचारशे मैल जास्त. ताशी १६ मैलांच्या वेगाने एक दिवस आणि वर चार तास. त्यात बंदरातला वेळ आणि जहाज आत आणणाऱ्या पायलटची वाट पाहणं मिळवा. मोठ्या जहाजाच्या एका दिवसाचं भाडं आणि इंधन भरून निघेल एवढा माल मुंबईत चढणार-उतरणार असेल तरच कंपनी हे वळण घेते. तो माल आपल्याकडे आहे, म्हणून जहाजं येतातही. फरक असा की आपल्याकडे जहाज मालासाठी येतं, कोलंबोला ते वाटेत आहे म्हणून थांबतं आणि आसपासच्या देशांचा माल तिथे गोळा करून नेतं.

दुसरं कारण पाण्याची खोली. कोलंबोतलं सीआयसीटी टर्मिनल २०१३ मध्ये १८ मीटर खोलीचं सुरू झालं. त्यात चायना मर्चंट्स या चिनी कंपनीचा ८५ टक्के वाटा आणि श्रीलंका बंदर प्राधिकरणाचा १५. एप्रिल २०२५ मध्ये शेजारी पश्चिम टर्मिनल सुरू झालं आणि त्यात अदानींचा ५१ टक्के वाटा आहे. म्हणजे भारतीय पैसा कोलंबोचा आकडा वाढवायला मदत करतो आहे. धंद्याला सरहद्दीचं फारसं सोयरसुतक नसतं. न्हावा शेवाला खाडीतला गाळ उपसून आता साधारण १५ मीटर ड्राफ्टची, म्हणजे पाण्यात तेवढी खोल बसणारी जहाजं घेता येतात. पुरं भरलेलं २४,००० टीईयूचं जहाज त्याहून खोल बसतं.

तिसरं कारण आपणच तयार केलेलं होतं. किनारी वाहतुकीच्या नियमामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका भारतीय बंदरातून दुसऱ्या भारतीय बंदरात माल न्यायला परवाना लागे. कोलकात्याचा कंटेनर परदेशी फीडरने (मोठ्या बंदरापर्यंत माल नेणाऱ्या छोट्या जहाजाने) कोलंबोला खुशाल न्यावा, पण कोचीजवळच्या वल्लारपाडमला न्यायचा तर अडचण! वल्लारपाडमचं टर्मिनल २०११ मध्ये मुद्दाम ट्रान्सशिपमेंटसाठी उभारलं, २०१२ मध्ये त्याच्यापुरती सूट मिळाली, आणि निर्यात-आयातीच्या ट्रान्सशिपमेंट कंटेनरांना नि रिकाम्या कंटेनरांना देशभर मोकळीक मिळायला मे २०१८ उजाडला. तोवर मालाला कोलंबोची सवय झाली होती. भारताच्या ट्रान्सशिपमेंट मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांत बदलला जातो, आणि त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त कोलंबो, सिंगापूर आणि पोर्ट क्लांग या तीन ठिकाणी, असं सरकारच सांगत आलं आहे. म्हणजे श्रीलंकेच्या आकड्यात आपला वाटा किती, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

प्रश्न (निफाड, द्राक्ष निर्यातदार): रॉटरडॅमसाठी फॉरवर्डरने (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटने) दोन दर दिले. एक 'डायरेक्ट', दुसरा कोलंबोत जहाज बदलून, थोडा स्वस्त. कोलंबोची जोडणी चांगली म्हणतात, मग तिकडून पाठवायला हरकत काय?

उत्तर: निर्देशांकावरून बुकिंग ठरवू नका. तो देशाचा आहे, तुमच्या कंटेनरचा नाही. तुम्हाला जवळचं माप हवं असेल तर अंक्टाडचाच दोन देशांमधला द्विपक्षीय निर्देशांक आहे. त्यात इथून तिथे जायला किती वेळा जहाज बदलावं लागतं, दोन्ही देशांना सामाईक असलेल्या जोडण्या किती, त्या मार्गावर कंपन्यांची स्पर्धा किती आणि मार्गाच्या सर्वांत अशक्त टप्प्यावर सर्वांत मोठं जहाज केवढं, असे घटक येतात. पण हंगामातल्या एका कंटेनरसाठी त्याहून उपयोगी आहे फॉरवर्डरला नीट विचारलेले चार प्रश्न.

पहिला: सेवेचं नाव काय आणि तिचं रोटेशन, म्हणजे बंदरं घेण्याचा क्रम, काय? 'डायरेक्ट' म्हणजे फक्त एवढंच की कंटेनर मध्ये उतरत नाही. जहाज न्हावा शेवा सोडल्यावर मुंद्रा, कराची, जेबेल अली, जेद्दा अशी चार बंदरं करत गेलं तरी ते डायरेक्टच. निर्देशांकातही ती थेट जोडणी म्हणूनच मोजली जाते, दिवस कुणी मोजत नाही. न्हावा शेवा हे त्या फेरीतलं भारतातलं शेवटचं बंदर असेल तर ती सेवा तुमच्या फायद्याची.

दुसरा: कोलंबोत पुढचं जहाज कोणतं, त्याची निघण्याची तारीख काय, आणि पहिलं जहाज पोचणं नि दुसरं सुटणं यात किती दिवसांचं अंतर ठेवलं आहे? मुख्य सेवा आठवड्यातून एकदा. समजा डायरेक्ट २८ दिवस आणि कोलंबोमार्गे ३१. अंतर दोनच दिवसांचं असेल आणि पहिलं जहाज तीन दिवस उशिरा पोचलं, तर उशीर तीन दिवसांचा आणि दंड सात दिवसांचा. ३१ चे ३८ झाले. याला या धंद्यात 'कनेक्शन हुकलं' म्हणतात, आणि तुमचा स्वस्त दर तिथेच संपतो. अंतर चार-पाच दिवसांचं असेल तर जोखीम कमी, पण मग एकूण दिवस वाढले. दोन्ही एकदम मिळत नाही.

तिसरा: कोलंबोच्या यार्डात रीफरला (शीत कंटेनरला) वीज किती वेळात लागते आणि डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र, कुणाचा? द्राक्षं शून्याच्या आसपास, थोडं खालीच, ठेवतात. जहाजावरून उतरून यार्डातल्या प्लगपर्यंत जाईतो कंटेनर विजेविना असतो. चांगल्या यार्डात हा काळ थोडा असतो, गर्दीत वाढतो. पेटीत स्वतःचा लॉगर टाका. शिपिंग लाइनचा कंटेनर सहसा फक्त आतल्या हवेचं तापमान नोंदवतो, घडाच्या गराचं नाही. ग्रेप गार्डचंही, म्हणजे द्राक्षांना बुरशी लागू नये म्हणून पेटीत घालायच्या कागदाचंही, गणित लक्षात ठेवा. त्या कागदातला सल्फर डायऑक्साइडचा पहिला झटका सुरुवातीच्या दिवसांत बाहेर पडतो, मग हळूहळू आठवडे पुरतो, पण त्याला मर्यादा आहे. ४० दिवसांचा प्रवास गृहीत धरायचा असेल तर पॅकिंगच्या वेळीच तसा कागद निवडावा लागतो. माल बंदरावर पोचल्यावर या विचाराचा उपयोग नाही.

चौथा: जहाज सुएझने जाणार की केप ऑफ गुड होपला वळसा घालून? नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपच्या बहुतेक सेवा आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, आणि प्रवासाला साधारण १० ते १४ दिवस जास्त लागू लागले. सुएझ चालू असेल तेव्हा कोलंबोमार्गे युरोपला जाणं म्हणजे आधी ९०० मैल उलट दिशेला जाणं. निफाडहून पुण्याला जायला आधी धुळ्याला जावं, तसं. केपचा मार्ग असेल तर हा उलटा फेरा तेवढा टोचत नाही.

बेदाणा किंवा कांदा असता तर उत्तर थोडं सैल दिलं असतं. ताज्या द्राक्षाला डायरेक्टच घ्या, दरातला फरक फार मोठा नसेल तर.

प्रश्न (नागपूर, कापड निर्यातदार): देशाचा आकडा बघून आम्हाला काय कळणार? आमच्यासमोर न्हावा शेवा आणि विशाखापट्टणम असे दोन पर्याय आहेत.

उत्तर: बरोबर. तुम्हाला हवा तो बंदरांचा निर्देशांक. तोही अंक्टाड काढते, जगातल्या नऊशेहून जास्त बंदरांसाठी. एक इशारा: बंदरांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे देशाचा आकडा नव्हे. एकच सेवा मुंद्रा आणि न्हावा शेवा दोन्हीकडे थांबली तर ती दोन्ही बंदरांच्या खात्यात दिसते, देशाच्या सेवांमध्ये मात्र एकच धरायची.

भारताचा आकडा मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर उभा आहे. कोलकाता हुगळीवरचं नदीबंदर असल्यामुळे तिथे खोल जहाजं येऊच शकत नाहीत, सगळं काम फीडरवर. मुरगावमध्ये कंटेनर थोडेच, म्हणून गोव्याचा बराच माल रस्त्याने न्हावा शेवाला येतो. विशाखापट्टणमला पाणी खोल आहे, पण सेवा कमी. आग्नेय आशिया किंवा चीनचा माल असेल तर तिथे चौकशी जरूर करा. युरोप, आखात, आफ्रिका असेल तर न्हावा शेवा. तपासताना बंदराच्या नावाला न भुलता पुढच्या चार आठवड्यांत तुमच्या ठिकाणासाठी किती कंपन्यांच्या किती सेवा आहेत ते मोजा. दोनच कंपन्या असतील तर हंगामात तुमचा कंटेनर 'रोल' होणार, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला जाणार, हे धरूनच चाला.

प्रश्न (कोल्हापूर, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी): नेपाळचा निर्देशांक यादीत सापडत नाही. तो शून्य लिहायचा का?

उत्तर: नाही. नेपाळला समुद्रच नाही, म्हणून आकडाही नाही. रिकामी जागा रिकामीच ठेवा, नाहीतर सरासरी बिघडते. नेपाळचे कंटेनर कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणमला उतरून रेल्वेने बीरगंजच्या सुक्या बंदरात जातात. त्याची जोडणी पाहायची तर या बंदरांची जोडणी अधिक रेल्वेचे आणि सीमेवरचे दिवस, असं पाहावं लागेल.

प्रश्न (दुबई, लॉजिस्टिक्स क्षेत्रातील वाचक): मर्स्क आणि हापाग-लॉइड या जहाज कंपन्यांच्या 'जेमिनी' जोडीनंतर काही बंदरांतल्या थेट सेवा कमी झाल्या. निर्देशांक घसरला म्हणजे सेवा बिघडली असं म्हणायचं का?

उत्तर: तसं म्हणता येणार नाही, आणि या निर्देशांकाची सर्वांत मोठी उणीव इथेच दिसते. फेब्रुवारी २०२५ पासून सुरू झालेल्या या व्यवस्थेचा गाभा असा: मुख्य जहाजांनी थोड्याच बंदरांत थांबायचं, सलालाह किंवा तांजुंग पेलेपास अशा केंद्रांवर माल द्यायचा, आणि तिथून ठरलेल्या शटल जहाजांनी तो पुढे न्यायचा. उद्दिष्ट होतं ९० टक्क्यांहून जास्त वक्तशीरपणाचं. थेट देश मोजणारा घटक अशा वेळी खाली येतो, पण कंटेनर दिलेल्या तारखेला पोचण्याची शक्यता वाढलेली असू शकते.

निर्देशांक जाहीर वेळापत्रकावर चालतो. ऐन वेळी रद्द केलेली फेरी किंवा चार दिवस नांगर टाकून उभं राहिलेलं जहाज त्यात दिसत नाही. वक्तशीरपणासाठी डेन्मार्कच्या 'सी-इंटेलिजन्स' या संस्थेचे मासिक अहवाल पाहा. बंदरात जहाजाचा किती वेळ जातो, त्यासाठी जागतिक बँक आणि एस अँड पी ग्लोबल यांचा कंटेनर बंदर कामगिरी निर्देशांक आहे. कस्टम्स, रस्ते, माग काढण्याची सोय वगैरेंसाठी जागतिक बँकेचा लॉजिस्टिक्स कामगिरी निर्देशांक. त्यात २०२३ मध्ये १३९ देशांत भारत ३८ वा होता, पण तो मुख्यतः व्यावसायिकांच्या मतांवर उभा आहे, हे लक्षात ठेवा. वेळापत्रक, उशीर, धक्का आणि मत, चार वेगळी मापं. दोन देशांची तुलना यांपैकी एकावर केली की दुसरं लगेच उलटं बोलतं.

प्रश्न (पालघर): वाढवण बंदर झाल्यावर भारत श्रीलंकेच्या खूप पुढे जाईल असं सांगतात. आकड्यात ते कसं दिसेल?

उत्तर: आधी जाहीर झालेलं सांगतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. प्रत्येकी हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनलं, साधारण २० मीटर नैसर्गिक खोली, पूर्ण झाल्यावर वर्षाला २.३२ कोटी टीईयूची क्षमता.

क्षमता धक्क्याची आहे. निर्देशांक मोजतो जहाजांची. रिकाम्या धक्क्याला त्यात काहीच गुण नाहीत. सर्वांत आधी हलेल तो जहाजाच्या आकाराचा घटक, कारण खोल पाणी मिळालं की मोठ्या जहाजांची सेवा आणता येते. इथेही सेवा म्हटलं आहे, भेट नव्हे. जून २०२५ मध्ये केरळच्या विळिंजमला २४,३४६ टीईयूचं 'एमएससी इरिना' आलं तेव्हा छायाचित्रं सगळीकडे झळकली, पण एका जहाजाच्या एका भेटीने हा घटक वाढत नाही. तशी जहाजं ठरलेल्या सेवेत नियमित यावी लागतात. विळिंजमचं काम बहुतांशी एकाच कंपनीच्या जहाजांवर चालत असल्याने कंपन्यांच्या संख्येच्या घटकालाही त्यातून फारसा हातभार लागत नाही.

वाढवणचा मोठा प्रश्न वेगळा आहे. न्हावा शेवाला येणाऱ्याच सेवा उठून वाढवणला गेल्या, तर वाढवणच्या बंदर-निर्देशांकाची रेघ चढेल, न्हावा शेवाची उतरेल आणि भारताची होती तिथेच राहील. देशाचा आकडा वाढायला आज कोलंबोत किंवा सिंगापुरात बदलला जाणारा माल इथे यावा लागेल, आणि पूर्व किनाऱ्याचा माल वाढवणला वळसा घालून येणं भूगोलाच्या दृष्टीने अवघड आहे. त्या मालासाठी विळिंजम जास्त सोयीचं, कारण ते मुख्य जलमार्गापासून जेमतेम १० सागरी मैलांवर आहे. वाढवणचं बळ गुजरात, महाराष्ट्र आणि समर्पित मालवाहू रेल्वेमार्गाने येणाऱ्या उत्तर भारताच्या मालात आहे.

तुमच्या पत्रात मच्छीमारांच्या विरोधाचाही उल्लेख आहे. जाळी टाकायची जागा गेली, मासे दूर गेले, हे मोजणारा सातवा घटक या निर्देशांकात नाही. पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस सुरू करण्याचं नियोजन आहे. तोवर दर तिमाहीला न्हावा शेवाचा बंदर-निर्देशांक आणि भारताचा देश-निर्देशांक शेजारी शेजारी लिहून ठेवा. वाढवणला पहिलं जहाज लागल्यावर या दोन रेघा एकमेकींपासून फाकतात की नाही, हे तुम्हाला घरबसल्या दिसेल.